सायरस मॅकॉर्मिक : एक प्रोटोटाइप, चार शेतं आणि सोळा वर्षं

घरच्या वायफायवर झरझर चालणारं ॲप गावाकडे नेटवर्कची एकच काडी असताना उघडून बघा. गोल चक्र फिरत राहतं आणि आपण बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. मी स्वतः ॲप बनवणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे मला तो बनवणारा लगेच डोळ्यांसमोर येतो. त्याच्या टेबलावर ते अगदी व्यवस्थित चाललेलं असतं! आज ज्याची गोष्ट सांगतोय त्याच्यापुढे हाच प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी होता. फक्त ॲपच्या जागी लाकूड-लोखंडाचं यंत्र होतं आणि कमजोर नेटवर्कच्या जागी पावसात भिजलेला गहू.

सायरस हॉल मॅकॉर्मिक. धान्य कापणाऱ्या यंत्राचा, म्हणजे रीपरचा विषय निघाला की अमेरिकेत पहिलं नाव याचंच घेतात. जन्म १५ फेब्रुवारी १८०९ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या शेनान्डोआ खोऱ्यातला. आठ भावंडांत हा थोरला. वॉलनट ग्रोव्ह नावाच्या त्यांच्या शेतावर पिठाची गिरणी होती, स्वतःचा लोहारकामाचा भाता होता. वडील रॉबर्ट शेती करता करता यंत्रं जुळवायचे, मोडायचे, पुन्हा जुळवायचे. आणि त्या शेतावर गुलामही राबत होते. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यातल्या एकाचं नाव या गोष्टीत येणार आहे.

यंत्राला डावा हात कुठून आणायचा?

आधी प्रॉब्लेम काय होता ते समजून घेऊ. गहू पिकला की साधारण दहा-बारा दिवसांत कापून व्हायला हवा. उशीर झाला की दाणे जमिनीवर झडतात, पाऊस आला तर उरलंसुरलंही जातं. विळ्याने एक माणूस दिवसभरात अर्धा-पाऊण एकर कापायचा. लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याला लाकडी बोटं जोडलेलं एक अवजार तिकडे वापरात होतं, त्याने फार तर दोन-तीन एकर. म्हणजे तुमच्याकडे जमीन किती आहे, बियाणं किती आहे याला अर्थच नाही. त्या दहा-बारा दिवसांत जेवढं कापून होईल तेवढीच तुमची शेती. आमच्या भाषेत याला बॉटलनेक म्हणतात. बाकी सगळं कितीही वेगवान करा, बाटलीच्या मानेतून जेवढं बाहेर पडतं तेवढंच हातात येतं.

मग यंत्र करायला अडचण कुठे होती? विळा चालवणाऱ्याकडे नीट बघा. उजव्या हातातला विळा आपल्याला दिसतो, पण अर्धं काम डावा हात करतो. तो धाटांची मूठ घट्ट धरतो, म्हणून विळा कापू शकतो. धरलं नाही तर धाट वाकतं आणि पात्याखालून निसटतं. धारदार पातं फिरवणं सोपं होतं. अवघड होतं ते यंत्राला डावा हात देणं.

रॉबर्टनी यावर वीसेक वर्षं अधूनमधून डोकं घातलं. त्यांच्या यंत्राला घोडे मागून ढकलायचे. पुढच्या बाजूला एका जागी बसवलेल्या विळ्यांवर फिरत्या उभ्या दांड्यांनी धाटं दाबली जायची. ते कापायचं, पण कापलेलं धान्य असं विस्कटून पडायचं की गोळा करून पेंढ्या बांधणं म्हणजे नवं संकट. १८३१ च्या हंगामातही तेच झालं आणि त्यांनी नाद सोडला.

सायरस तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याने वडिलांचा आराखडा दुरुस्त करत बसण्याऐवजी मांडणीच बदलली. घोडा पुढे, पण उभ्या पिकात नाही. कापून झालेल्या मोकळ्या पट्ट्यावरून चालणारा. यंत्र त्याच्या बाजूला, पिकात. एक मोठं चाक जमिनीवर फिरतं आणि सगळ्या भागांना गती तेच देतं. इंजिन वगैरे काही नाही. त्या चाकाच्या फिरण्यातून क्रँकने एक आडवं दातेरी पातं डावी-उजवीकडे भरभर सरकतं. शिलाई मशीनची सुई वर-खाली होते ना, तसंच, पण आडवं. पात्याच्या पुढे बोटांसारखे दांडे आहेत. धाट दोन बोटांमध्ये अडकतं, त्यामुळे वाकून पळू शकत नाही. वरून एक मोठा फिरकीसारखा रहाट पीक पात्यावर ओढून घेतो आणि कापलं की मागच्या लाकडी फळीवर आडवं पाडतो. बोटं आणि रहाट मिळून झाला तो डावा हात! कडेला एक दुभाजक होता, जो कापायचं पीक आणि पुढच्या फेरीचं पीक वेगळं करायचा. फळीवर साचलेलं धान्य एक माणूस सोबत चालत दाताळ्याने खाली ओढायचा.

यातला एकेक भाग सुटा बघितला तर फार नवा नव्हता. स्कॉटलंडमध्ये पॅट्रिक बेल नावाच्या तरुणाने १८२८ च्या सुमाराला रहाट असलेलं कापणी यंत्र चालवून दाखवलं होतं आणि त्याचं पेटंटसुद्धा घेतलं नव्हतं. मॅकॉर्मिकचं श्रेय सगळे भाग एका चाकावर, एका घोड्यामागे जुळवण्यात आहे. ज्यांनी कधी चार लायब्ररी एकत्र चालवायचा प्रयत्न केलाय, ते या कामाला कमी लेखणार नाहीत.

चार शेतं

पहिली जाहीर चाचणी १८३१ च्या जुलैमध्ये, शेजारच्या स्टील्स टॅव्हर्न या वस्तीजवळ, जॉन स्टीलच्या ओट्सच्या शेतात झाली. यंत्र चाललं. आवाज प्रचंड, हादरे प्रचंड, पण पीक कापलं गेलं आणि ते बऱ्यापैकी सरळ पडलं. शाळेच्या पुस्तकांतली गोष्ट इथेच संपते. शोध लागला, तारीख लिहा, मार्क घ्या. खरी गोष्ट मात्र इथून सुरू होते, कारण यानंतर बरीच वर्षं हे यंत्र जवळपास कोणीच विकत घेतलं नाही.

पुढच्या वर्षी लेक्सिंग्टन गावाजवळ लोकांसमोर प्रात्यक्षिक ठरलं. जॉन रफ नावाच्या शेतकऱ्याचं शेत, तेही उताराचं आणि खडबडीत. यंत्र गचके खायला लागलं. आपला गहू मातीत जातोय हे बघून रफने ते मधेच थांबवलं. जमलेले लोक काय बोलले असतील ते तुम्हीच ओळखा. बघ्यांमध्ये विल्यम टेलर नावाचा शेजारचा जमीनदार होता. त्याने मधलं कुंपण काढायला लावलं आणि आपल्या सपाट शेतात यंत्र आणायला सांगितलं. दिवस मावळायच्या आत तिथे सुमारे सहा एकर कापणी झाली.

हा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यंत्र तेच, दिवस तोच, चालवणारा तोच. कुंपणाच्या एका बाजूला ते भंगार ठरलं, दुसऱ्या बाजूला चमत्कार. टेलर भला माणूस होता म्हणून प्रात्यक्षिक वाचलं, पण यंत्रातला बग काही गेला नव्हता. डोंगराळ व्हर्जिनियात रफसारखी शेतं भरपूर होती आणि टेलरसारखी कमी.

मॅकॉर्मिकने घाई केली नाही. खरं तर एवढी कमी घाई केली की दुसराच पुढे गेला. ओबेड हसी नावाच्या एका जुन्या खलाशाने ३१ डिसेंबर १८३३ ला स्वतःच्या कापणी यंत्राचं पेटंट मिळवलं. एका मासिकात त्याचं वर्णन वाचल्यावर मॅकॉर्मिक जागा झाला, आपलं यंत्र आधीचं आहे असं संपादकांना कळवलं आणि २१ जून १८३४ ला स्वतःचं पेटंट घेतलं. त्यानंतर पुन्हा काही वर्षं रीपर बाजूला पडलं, कारण घराण्याने लोखंड वितळवण्याच्या भट्टीत पैसा घातला होता. १८३७ ची आर्थिक मंदी आली, भट्टी बुडाली आणि डोक्यावर कर्ज उरलं. ते फेडायचं तर हाताशी काय होतं? तेच जुनं यंत्र.

आता आकडे बघा. १८४० च्या सुमाराला दोन यंत्रं विकली गेली. ती नीट चालली नाहीत. १८४१ मध्ये विक्री शून्य, कारण तो पात्यावरच काम करत बसला होता. ओली धाटं दातांमधून घसरायची, चिवट व्हायची, पात्यात अडकायची. त्यात गती जमिनीवरच्या चाकातून येत असल्यामुळे ओल्या मातीत चाक घसरलं की पातं मंदावायचं, आणि पातं मंदावलं की अजून अडकायचं. पात्याच्या दातांची रचना बदलल्यावर ओलं पीकही कापलं जाऊ लागलं. १८४२ मध्ये सात यंत्रं गेली, १८४३ मध्ये २९, १८४४ मध्ये ५०. बारा-तेरा वर्षांनंतर वर्षाला पन्नास! आजच्या एखाद्या गुंतवणूकदाराला हा तक्ता दाखवला तर तो चहासुद्धा पाजणार नाही.

१८४३ मध्ये हसी आणि मॅकॉर्मिक रिचमंडजवळ समोरासमोर आले. ओल्या पिकात मॅकॉर्मिकचं यंत्र सरस ठरलं. पण इथे हसीच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याचं पातं, म्हणजे पट्टीवर ओळीने बसवलेले त्रिकोणी तुकडे आणि खाच असलेल्या बोटांमधून त्यांचं सरकणं, ही रचना मूळची जास्त चांगली होती. विशेषतः गवतासाठी. चाऱ्याचं गवत बुडातून कापायचं, मग उन्हात पसरून वाळवायचं, या कामात हसीचं यंत्र पुढे होतं. पुढच्या काळातली गवत कापणारी यंत्रं त्याच वाटेने गेली. मॅकॉर्मिक यंत्रही विकायचा आणि नावही. हसीला ते जमलं नाही. १८६० मध्ये रेल्वेप्रवासात एका लहान मुलासाठी पाणी आणायला हसी खाली उतरला आणि परत चढताना गाडीखाली सापडून गेला.

योग्य जमीन सापडली

१८४४ मध्ये मॅकॉर्मिक पश्चिमेकडे फिरायला निघाला. डोंगर संपले आणि प्रेअरी सुरू झाली. नजर पोचेल तिथवर सपाट जमीन, दगड नाहीत, उतार नाहीत, आणि कापायला माणसं नाहीत. टेलरचं शेत त्याला शेकडो मैल पसरलेलं दिसलं असेल. आपलं यंत्र चुकीच्या जागी जन्मलंय हे त्याला तिथे कळलं, असा माझा अंदाज.

१८४७ मध्ये त्याने शिकागोत कारखाना काढला. तेव्हाचं शिकागो म्हणजे चिखलाचे रस्ते आणि जेमतेम सोळा-सतरा हजार वस्ती, रेल्वेसुद्धा अजून यायची होती. शहराचे पहिले महापौर विल्यम ऑग्डेन यांनी पुढे त्याच्या धंद्यात २५ हजार डॉलर घातले. विल्यम आणि लिअँडर हे भाऊही येऊन मिळाले. याआधी वेगवेगळ्या गावच्या कारागिरांना यंत्रं बनवायचे हक्क दिले होते आणि त्यांचा दर्जा वाटेल तसा होता. आता सगळं एका छपराखाली आलं.

विकायची पद्धत वाचताना मला सारखं आजचं काहीतरी आठवत होतं. किंमत ठरलेली, घासाघीस नाही. थोडी रक्कम आधी आणि बाकी पीक हातात आल्यावर, म्हणजे हप्ते. यंत्र चाललं नाही तर परत घेऊ, अशी लेखी हमी. गावोगावी एजंट, त्यांच्याकडे सुटे भाग, आणि समाधानी शेतकऱ्यांची पत्रं छापलेल्या जाहिराती, म्हणजे रिव्ह्यूज. पेटंटच्या भरवशावर बसला असता तर बुडालाच असता, कारण १८४८ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि वाढवून मिळाली नाही. त्यानंतर डझनावारी स्पर्धक उभे राहिले आणि तो कोर्टात धावत राहिला. जॉन मॅनी या स्पर्धकावरच्या खटल्यात समोरच्या बाजूने एक गावठी दिसणारा वकील नेमला होता, ज्याला मोठ्या वकिलांनी प्रत्यक्ष युक्तिवादात उभंच राहू दिलं नाही. त्याचं नाव अब्राहम लिंकन. खटला मॅकॉर्मिक हरला.

चौथं शेत इंग्लंडमधलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याचं यंत्र मांडलं होतं आणि टाइम्स या वर्तमानपत्राने त्याच्या ध्यानाची यथेच्छ टिंगल केली होती. जुलैमध्ये एसेक्स परगण्यातल्या टिपट्री इथे चाचणी झाली. पाऊस पडत होता, गहू अजून हिरवा आणि भिजलेला. म्हणजे दहा वर्षांपूर्वी यंत्राने जिथे हात टेकले असते, नेमकी तीच परिस्थिती. हसीचं यंत्र तिथल्या अननुभवी माणसांच्या हातात होतं आणि ते अडकलं. मॅकॉर्मिकचं पुढे सरकत गेलं. प्रदर्शनातलं सर्वोच्च पदक त्याला मिळालं आणि टाइम्सचा सूरही बदलला. लोकांना हा एका दुपारचा विजय वाटला. त्यामागे १८४१ चं ते विक्री शून्य असलेलं वर्ष होतं.

यंत्र नक्की कोणाचं?

आता जो अँडरसन. हा मॅकॉर्मिक कुटुंबाच्या मालकीचा गुलाम होता. मालकीचा हा शब्द लिहितानाही अडखळायला होतं, पण तेव्हाचा कायदा तसा होता. १८३१ च्या त्या कार्यशाळेत सायरसच्या बरोबरीने लाकूड तासणारा, लोखंड ठोकणारा हात त्याचा होता. चाचणीत यंत्राच्या बाजूने चालत दाताळ्याने धान्य ओढणारा माणूसही तोच. पेटंटवर त्याचं नाव नाही, असूही शकत नव्हतं. स्वतःवरच ज्याचा हक्क नाही, त्याला शोधावर हक्क कुठला? यंत्रातली कुठली कल्पना त्याची होती हे आज सांगणं अशक्य आहे. पण प्रोटोटाइपवर काम केलेल्या कोणालाही ठाऊक असतं की अर्ध्या सुधारणा जुळवणाऱ्याच्या हातात सुचतात, कागदावर नाही.

श्रेयाचं भांडण घरातही झालं. धाकट्या लिअँडरने पुढे जाहीरपणे सांगितलं की खरा शोध वडिलांचा, सायरसने फक्त नाव लावलं. (याच लिअँडरच्या देणगीतून व्हर्जिनिया विद्यापीठाची मोठी वेधशाळा उभी राहिली.) माझं मत विचाराल तर वडिलांची वीस वर्षं सायरसच्या त्या काही आठवड्यांत जमा होती. काय चालत नाही याची पूर्ण यादी त्याला घरातच तयार मिळाली होती.

राजकारणात तो दक्षिणेकडे झुकलेला. गुलामगिरीविरोधकांशी त्याचं जमलं नाही, शिकागोतलं एक वर्तमानपत्रही त्याने काही काळ हातात ठेवलं होतं. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. उत्तरेकडची तरुण पोरं लढायला गेली आणि त्यांच्यामागे शेतात पीक उभं राहिलं नाही, कारण ते यंत्रांनी कापलं. व्हर्जिनियाच्या या माणसाचं यंत्र अशा रीतीने व्हर्जिनियाच्या विरुद्ध बाजूला उपयोगी पडलं, आणि युद्ध संपलं तेव्हा जो अँडरसनही कायद्याने मोकळा झाला.

उरलेलं आयुष्य भराभर सांगतो. १८५८ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी नेटी फाउलरशी लग्न झालं. १८७१ च्या शिकागोच्या भयंकर आगीत कारखाना जळून खाक झाला. साठी उलटलेली, पैसा भरपूर. थांबला असता तरी चाललं असतं. नेटीच्या आग्रहाने नवा, आधीपेक्षा मोठा कारखाना उभा राहिला आणि पुढे कारभारातही तिचा शब्द चालायचा. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने १८७९ मध्ये त्याला आपल्यात घेतलं. १३ मे १८८४ ला तो वारला. दोनच वर्षांनी, मुलाच्या कारकिर्दीत, त्याच कारखान्याच्या दाराशी संपावरच्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला. १ मेच्या कामगार दिनामागे जो इतिहास आहे तो हाच.

१९०२ मध्ये कंपनी काही स्पर्धकांबरोबर एकत्र होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय? १९६३ मध्ये महिंद्राने ट्रॅक्टर बनवायला घेतले ते याच कंपनीबरोबर भागीदारी करून. त्या भागीदारीतला बी-२७५ मूळ इंग्लंडमध्ये मॅकॉर्मिक इंटरनॅशनल नावाने विकला जायचा. आमच्याकडच्या जुन्या माणसांना विचारलं तर बी-२७५ चा आवाज ते अजून तोंडाने काढून दाखवतात.

आता एक करा. यूट्यूबवर गहू कापणाऱ्या कंबाइन हार्वेस्टरचा समोरून काढलेला कुठलाही व्हिडिओ शोधा आणि स्पीड पावपट करा. वर रहाट फिरतोय, पीक आत ओढतोय. त्याच्या खाली बोटांची रांग दिसेल. आणि बोटांच्या मधून, इतकं भरभर की पावपट स्पीडलाही धूसर दिसतं, त्रिकोणी तुकड्यांचं पातं डावी-उजवीकडे सरकतंय. रहाटाखाली पीक पाडायची मांडणी मॅकॉर्मिकची. पातं मात्र हसीचं.